गाळाच्या पाण्यावर फिरणारा शाफ्ट

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डोंगरांच्या आत दडलेला मॅकेंझी नावाचा एक उंच, कोरडा मुलूख आहे. १८५५ मध्ये हजारभर मेंढ्या पळवताना पकडल्या गेलेल्या जेम्स मॅकेंझीचं नाव त्याला पडलं. मेंढीचोराच्या नावाने अख्खा प्रदेश ओळखला जावा, यात तिथल्या लोकांना काही वावगं वाटत नाही. इथल्या टेकापो आणि पुकाकी या सरोवरांचं दुधाळ निळं पाणी पाहायला आज जगभरचे पर्यटक येतात. तो रंग दगडाच्या पिठाचा आहे. हिमनद्या ग्रेवॅकी नावाचा कठीण खडक घासत खाली येतात, त्याचं मैद्यासारखं बारीक चूर्ण होतं आणि ते पाण्यात तरंगत राहतं. चूर्णाहून जाड ते वाळू होऊन वाहतं, वाळूहून जाड ते गोटे होऊन गडगडतं. वाइटाकी, रांगिटाटा, राकाइया, वाइमाकारिरी या नद्यांची पात्रं काही ठिकाणी मैलभर रुंद आहेत. पण त्यात पाणी असतं ते शेकडो फाट्यांत विभागलेलं आणि बऱ्याच ठिकाणी घोट्याएवढं.

अशा नदीत बोट घालायची तर तळाखाली फिरणाऱ्या पंख्याचं काय करायचं, हा प्रश्न बिल हॅमिल्टनला पडला होता. पूर्ण नाव चार्ल्स विल्यम फील्डन हॅमिल्टन, जन्म १८९९ चा. १९२१ मध्ये त्याने टेकापो आणि पुकाकीच्या मधलं आयरिशमन क्रीक हे मेंढ्यांचं रान विकत घेतलं. मेंढपाळापेक्षा त्याच्यात मिस्त्री जास्त होता. रानातल्या ओढ्यावर त्याने स्वतःची वीज तयार केली; त्यासाठी तळं खोदायला हवं म्हणून माती ओढणारं यंत्र बनवलं, आणि मग ती यंत्रं बनवणं हाच धंदा झाला. १९३९ मध्ये कंपनी उभी राहिली, युद्धानंतर कारखाना क्राइस्टचर्चला गेला. १९४७ मध्ये कोरोनेट पीकवर बर्फात घसरायला येणाऱ्यांना दोराने वर ओढणारं यंत्र बसलं, तेही याच माणसाचं.

१९५३-५४ च्या सुमाराला तो बोटीकडे वळला. हॅन्ली हायड्रोजेट या अमेरिकी यंत्रावरून त्याने सुरुवात केली. हे यंत्र बोटीच्या तळातून पाणी ओढायचं आणि तळाखालच्या वळवता येणाऱ्या तोटीतून बाहेर फेकायचं. चालायचं, पण कंटाळत. मग कारखान्यातल्या एकाने सुचवलं, की तोटी पाण्याखाली कशाला, ती पाण्याच्या पातळीच्या किंचित वर आणा. बोट एकदम सुटली. तळाखाली आता काहीच लोंबकळत नव्हतं, त्यामुळे गोट्यांवरून वितभर पाण्यातही ती जाऊ लागली. ही गोष्ट न्यूझीलंडच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असते. माझ्या मते तिचा खरा अवघड भाग मात्र त्या तोटीत नव्हता.

तळातून ओढलेल्या पाण्याबरोबर चूर्ण आणि वाळू आत येणारच. पाण्याला ढकलणारा इम्पेलर एका शाफ्टवर बसतो. शाफ्टचं पुढचं टोक बोटीच्या आत, कोरड्यात असतं. तिथे तेल-ग्रीसवर चालणारं बेअरिंग ठेवता येतं, आणि बोटीला पुढे रेटणारा सगळा जोर तेच झेलतं. मागचं टोक मात्र थेट त्या गढूळ लोटात असतं. तिथे शाफ्टला आधार देणारा बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, कशावर चालवायचा? तेलाची सोय करायची तर सील हवं, आणि वाळूच्या पाण्यात सील किती दिवस टिकणार, हे कुठल्याही पंपवाल्याला विचारावं. हॅमिल्टनच्या या जेटयंत्राने जो मार्ग घेतला तो असा, की जे पाणी बुश खायला आलंय त्याच पाण्यावर बुश चालवायचा. हे कसं जमतं ते समजायला सत्तर वर्षं मागे, लंडनला जावं लागतं.

१८८३ मध्ये तिथल्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेसाठी बीचम टॉवर हा अभियंता रेल्वेच्या आसांचं घर्षण मोजत होता. चार इंच जाडीचा आस आणि त्यावर वरून टेकलेला सहा इंच लांबीचा पितळी बुश. खालून आस तेलात बुडालेला. टॉवरने नेहमीप्रमाणे वरून तेल सोडण्यासाठी बुशच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जाण्याऐवजी त्यातून वर येऊन सांडू लागलं. त्याने बूच मारलं, ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली. तीही वर सरकली. शेवटी त्याने तिथे दाबमापक लावला. बुशवरचा सरासरी भार दर चौरस इंचाला शंभर पौंड होता आणि मापकाचा काटा दोनशेच्या पुढे गेला. म्हणजे पितळ आणि लोखंड एकमेकांना टेकलेलेच नव्हते. फिरत्या आसाने स्वतःच तेल खेचून आत भरलं होतं आणि त्यावर बुश तरंगत होता. रेल्वेवाले वर्षानुवर्षं ज्या जागी भोक पाडून तेल घालत आले होते, ती नेमकी सर्वाधिक दाबाची जागा निघाली. तिथलं भोक तेल घालत नव्हतं, तेलाचा दाब घालवत होतं.

त्याच वर्षी रशियात पेत्रोव्हने तेलाच्या थरातल्या घर्षणाचा हिशेब मांडला, आणि १८८६ मध्ये मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्सने टॉवरच्या आकड्यांमागचं गणित लिहिलं. त्याचं सार असं. शाफ्ट बुशच्या अगदी मधोमध कधी नसतो. भाराने तो एका बाजूला सरकतो आणि दोघांमधली फट चंद्रकोरीसारखी होते, एकीकडे रुंद, दुसरीकडे निमुळती. शाफ्ट फिरताना तेलाला रुंदाकडून अरुंदाकडे ओढत नेतो, तेलाला जायला जागा उरत नाही, आणि दाब चढतो. फट सगळीकडे सारखी असती तर कितीही तेल ओतलं तरी शाफ्ट उचलला गेला नसता. टॉवरच्या बुशला तोलून धरणारी गोष्ट तेलाच्या गुणाइतकीच फटीच्या आकारात होती.

पुढचा धागा न्यूझीलंडच्या शेजारी आहे. मेलबर्नचा ए. जी. एम. मिचेल हा सिंचनाच्या पंपांवर काम करणारा अभियंता. रेनॉल्ड्सच्या गणितात पृष्ठभाग आडवे अमर्याद लांब धरले होते. खऱ्या बेअरिंगच्या कडांतून तेल निसटतं, त्याचा हिशेब त्यात नव्हता. मिचेलने तो १९०५ मध्ये केला आणि त्यावरून कलत्या पाट्यांचं, रेटा झेलणारं थ्रस्ट बेअरिंग बनवलं. प्रत्येक पाटी आपल्याआप जरा कलते आणि स्वतःची निमुळती फट तयार करते. असं पहिलं बेअरिंग १९०७ मध्ये मरे नदीवर कोहुना इथे शेतीच्या पंपाला लागलं. जहाजांच्या इतिहासात मिचेलचं नाव मोठ्या अक्षरांत येतं, पण त्याची सुरुवात शेतीच्या पाण्यातून झाली, हे आपल्याकडच्या वाचकाने ध्यानात ठेवावं.

हॅमिल्टन बोटीशी झटत होता त्याच सुमाराला, १९५३ मध्ये, अमेरिकेत ड्युबॉय आणि ऑक्व्हर्क या दोघांनी आखूड बुशचा सोपा हिशेब प्रसिद्ध केला. आखूड बुशमध्ये तेल दोन्ही टोकांनी पळतं, म्हणून त्याची भार पेलायची ताकद लांबीच्या घनाने बदलते आणि फटीच्या वर्गाने घटते. म्हणजे फट दुप्पट झाली की ताकद चौथाईवर आली. याहून मजेशीर निष्कर्ष खोबणीचा. बुशच्या बरोबर मध्यावर गोल खोबणी पाडली, तर बुशचा पृष्ठभाग फारसा कमी होत नाही, पण त्याचे निम्म्या लांबीचे दोन बुश होतात. प्रत्येकाची ताकद आठव्या हिश्शावर येते, दोघांची मिळून चौथाई. तेल चांगलं फिरावं म्हणून हौसेने पाडलेली एक खोबणी तीन चतुर्थांश ताकद घेऊन जाते. लेथवर बसलेल्या किती कारागिरांनी चांगुलपणाने हे पाप केलं असेल, कोण जाणे.

हा सगळा हिशेब तेलाचा. आता तेलाच्या जागी पाणी घाला. नेहमीचं इंजिन ऑइल साध्या तापमानालाही पाण्याच्या जवळपास शंभरपट घट्ट असतं. पाणी इतकं पातळ, की त्याचा थर उभा राहिला तर काही मायक्रॉनचा. वाळूचा बारीकसा कण साठ मायक्रॉनच्या वर. थरापेक्षा कण जाड, मग कण मध्ये अडकतो, पितळात रुततो आणि शाफ्टला लेथच्या हत्याराप्रमाणे कातत बसतो. फट मोठी करून कणाला वाट द्यावी, तर ताकद वर्गाने घटते. फट बारीक ठेवून ताकद वाढवावी, तर कण अडकतो. पितळी बुशला या कोंडीतून सुटका नाही.

सुटका दोन टप्प्यांत सापडली. १८५० च्या दशकात पंख्याची जहाजं नवीन होती आणि त्यांचे मागचे पितळी बुश झपाट्याने झिजून गळायला लागले होते. ग्रिनिचच्या जॉन पेनने पंख्याचा एक जनक फ्रान्सिस पेटिट स्मिथ याच्याबरोबर बुशमध्ये लिग्नम व्हिटे या अतिजड लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. त्या एकमेकींना चिकटून नव्हत्या. मध्ये लांबीच्या दिशेने पाण्याच्या वाटा सोडल्या होत्या. समुद्राचं पाणी त्या वाटांनी येत-जात राहिलं. शंभर वर्षं जगातली जहाजं या लाकडावर फिरली.

दुसरा टप्पा १९२० च्या दशकातला, कॅलिफोर्नियाचा. चार्ल्स शेरवुड नावाच्या खाण-अभियंत्याच्या पंपाचं बेअरिंग गेलं, हाताशी दुसरं नव्हतं, म्हणून त्याने रबरी होजचा तुकडा कोंबला आणि तो धातूपेक्षा जास्त टिकला, अशी हकीकत सांगतात. तात्पुरता जुगाड इतका चालावा, याला कारण होतं. कण आला की रबर दबतं, कण त्यावरून घरंगळत पुढे जातो, आणि वाट मिळाली की वाहून जातो. म्हणून मग रबराच्या नळीला आतून लांबीभर खोबण्या पाडल्या. अमेरिकेच्या गुडरिच कंपनीने 'कटलेस' या नावाने असा बुश बाजारात आणला. बाहेर पितळी नळी, आत चिकटवलेलं रबर, रबराला आतून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ पन्हळी. हातात घेऊन उजेडाकडे धरला तर आतला आकार दातेरी चाकाच्या सावलीसारखा दिसतो.

या पन्हळींनीही भार पेलायची ताकद खर्ची पडते. प्रत्येक पन्हळीशी दाब विझतो आणि पुढच्या रबरी पट्टीवर पुन्हा शून्यापासून चढतो. एक मोठी चंद्रकोर असायची, तिथे आठ-दहा छोट्या, तुटक फटी झाल्या. म्हणून पाण्यावर चालणारा बुश लांब करावा लागतो. जहाजांच्या नियमावल्यांत तेलावरच्या बुशची लांबी शाफ्टच्या जाडीच्या दुप्पट पुरायची, तर पाण्यावरच्या बुशला चौपट मागायचे. पुढे काहींनी शहाणपणाने खालच्या, भार पडणाऱ्या अर्ध्या भागातल्या पन्हळी काढून टाकल्या आणि फक्त वरच्या अर्ध्यात ठेवल्या. पाण्याला वाटही राहिली आणि चंद्रकोरही अखंड राहिली. टॉवरच्या बुशच्या माथ्यावरच्या भोकाचाच हा धडा. रबराची मात्र स्वतःची एक देणगी आहे. दाबाखाली ते किंचित खोलगट होतं, आणि त्या खोलगटात पाण्याचा थर धातूच्या कडक पृष्ठभागापेक्षा लवकर जमतो. इथे आकार कारागीर देत नाही, भार देतो.

आता जेटकडे परत या, म्हणजे हॅमिल्टनच्या यंत्राची मांडणी किती नेमकी होती ते दिसतं. साध्या पंख्याच्या बोटीत जड पंखा शाफ्टच्या टोकाला बुशच्या बाहेर लोंबकळतो. शाफ्ट वाकतो आणि सगळा भार बुशच्या मागच्या कडेवर एकवटतो. अशा ठिकाणी पाण्याचा थर जमणं अवघड. जेटमध्ये इम्पेलरच्या मागे, पाण्याला सरळ करणाऱ्या स्थिर पात्यांच्या गाभ्यातच बुश बसतो. पुढे रेटण्याचा जोर तर आतल्या बेअरिंगने आधीच घेतलेला असतो. मागच्या बुशवर उरतं ते शाफ्टचं आणि इम्पेलरचं थोडं वजन. पातळ पाण्याला पेलेल एवढाच भार. पाणी पुरवायला वेगळी नळी नको, कारण बुश बसलाय तोच मुळी पंपाच्या दाबाच्या पाण्यात. पन्हळींतून ते स्वतःहून वाहत राहतं आणि कण धुऊन नेतं. एक गोष्ट मात्र अशा बोटीवाल्याला पाळावीच लागते: बोट ट्रेलरवर असताना इंजिन फिरवायचं नाही. पाण्याविना रबर क्षणात तापतं, चर्रकन ओरडतं आणि जळतं.

रचनेचा कस बाहेरच्या नद्यांनी लावला. १९६० मध्ये हॅमिल्टनच्या बोटी अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर गेल्या. ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाच्या उलट दिशेने वर जायचं म्हटल्यावर तिथल्या वर्तमानपत्रांनी थट्टा केली. आधी पेट्रोलचे साठे दरीत ठेवून बोटी खाली नेल्या आणि मग उलट फिरून वर आणल्या. व्हल्कन नावाच्या सगळ्यात वाईट खळाळावर चढवताना सुकाणू बिलचा मुलगा जॉन याच्या हातात होतं. कोलोरॅडो म्हणजे लालसर रंगाची. तो रंगही गाळाचाच.

आणि मग गंगा. १९७७ च्या ऑगस्टमध्ये सर एडमंड हिलरी गंगासागरहून तीन जेटबोटी घेऊन निघाले. बोटींची नावं 'गंगा', 'कीवी' आणि 'एअर इंडिया'. सोबत न्यूझीलंडचे गिर्यारोहक, हिलरींचा मुलगा पीटर, बोट चालवायला जॉन हॅमिल्टन, आणि भारताकडून १९६५ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे नेते मोहनसिंग कोहली. पाटणा, वाराणसी, अलाहाबाद, हरिद्वार, ऋषिकेश, देवप्रयाग अशी घाटाघाटांवर गर्दी जमत गेली. लोकांनी हिलरींना हारांनी लादलं. गंगेच्या पावसाळी गाळात हिमालयातलं क्वार्ट्झ असतं, आणि क्वार्ट्झ पोलादालाही खरवडतं. उत्तराखंडातल्या जलविद्युत केंद्रांच्या टर्बाइन पात्यांना हे दुखणं चांगलंच ठाऊक आहे. बोटी अलकनंदेने नंदप्रयागपर्यंत चढल्या. तिथे त्यांना थांबवलं ते उभ्या धबधब्याने. हिलरी पुढे पायी निघाले आणि उंचीवर आजारी पडून हेलिकॉप्टरने खाली आणावे लागले. बिल हॅमिल्टन पुढच्याच वर्षी, मार्च १९७८ मध्ये वारला. त्याला सरकारने १९७४ मध्ये 'सर' केलं होतं. जेटचं श्रेय मात्र तो आर्किमिडीजला देत असे.

आपल्याकडे हा बुश परका नाही. कृष्णा-पंचगंगेच्या काठी जॅकवेलवर उभे असलेले व्हर्टिकल टर्बाइन पंप, ज्यांच्यावर कितीतरी उपसा सिंचन योजना आणि गावांच्या नळयोजना चालतात, त्यांच्या लांब शाफ्टला मध्ये मध्ये आधार देतात ते बहुधा असेच पन्हळीचे रबरी बुश. वंगण म्हणून उपसलं जाणारं नदीचंच पाणी. बोअरमधला सबमर्सिबलही पाण्यावरच्या बुशवर फिरतो, आणि बोअरला वाळू यायला लागली की आधी तोच जातो. पंप थरथरायला लागला की गावाकडे 'मोटर गेली' म्हणतात. पुष्कळदा मोटर ठणठणीत असते आणि बुशची फट वाढलेली असते.

ज्यांच्या विहिरीवर किंवा नदीकाठी असा लांब शाफ्टचा पंप आहे, त्यांनी एवढं करावं. पाण्याच्या पातळीच्या वरचे बुश सुरुवातीला कोरडे असतात. पंप बंद पडून बराच वेळ झाला असेल तर बटण दाबण्याआधी वरच्या टाकीतून शाफ्टवर पाणी सोडावं आणि ते खालपर्यंत झिरपू द्यावं. आणि बुश बदलताना, जास्त टिकेल या आशेने फिटर आखूड किंवा बिनपन्हळीचा पितळी बुश बसवू लागला, तर त्याला तिथेच थांबवावं.